गोठ्यातली टर्बो

१९ जाने., रविवार

घेतली. शेवटी घेतलीच.

साहेबांच्या बंगल्यात आंब्याखाली सहा वर्षं उभी होती. चारही टायर बसलेले, बॉनेटवर कुजक्या पानांचा थर, आणि तरी लाल रंग आतून दिसत होता. साहेब म्हणाले, "मिस्टरांना घेऊन यायला हवं होतंत. ही साधी गाडी नाही. टर्बो आहे. बाईमाणसाचं काम नव्हे." सतरा वर्षं ह्यांच्याच प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन आहे मी. टाकीतलं प्रेशर किती, हे मी सांगायचे तेव्हा ह्यांना कळायचं. निवृत्त झाला तरी ताठा गेला नाही. तोंडाशी आलेलं गिळलं, नाहीतर सौदा फिसकटला असता. नव्या स्कूटरच्या किमतीत मिळाली.

अप्रेंटिस होते तेव्हा बिरवाडी फाट्याजवळ कंपनीच्या बसच्या खिडकीतून पहिल्यांदा बघितली होती. बसला मागे टाकून गेली आणि आवाज मागून आला. बस अजून तीच आहे. मी पण अजून त्याच खिडकीत.

नवऱ्याला चहासोबत सांगितलं. संतोष म्हणाला, "लोकांच्या बायका सोन्याचे डाग मागतात. माझीनं डागडुजी आणली." हसला मेला. मी नाही हसले.

२६ जाने., रविवार

बिरवाडीचा घरमालक म्हणतो अंगणात भंगार नको. स्वतःचा मोडका पाळणा, दोन फुटके संडास आणि सासऱ्याची सायकल ठेवलीय त्याच अंगणात, ते काय शोकेस आहे?

म्हणून माहेरी. पोलादपूरच्या वरची आमची वाडी. बाबा गेल्यावर बैल विकले, तेव्हापासून गोठा रिकामाच. बैलगाडी आत जायची तेवढा दरवाजा, बाबांनी रचलेल्या दगडी भिंती. आयला फोनवर सांगितलं, गाडी आणतेय, गोठ्यात ठेवते. ती बरं म्हणाली नाही, नको पण म्हणाली नाही. म्हणजे हो.

टोइंगवाला चढणीवर तीनदा थांबला आणि तिन्ही वेळा माझ्याकडे बघून मान हलवली. लाकडाच्या मोळ्या आणि शेणी दाराशी रचलेल्या होत्या, त्या मीच उचलून आत मागच्या भिंतीला लावल्या. मग गाडी आत ढकलली. अर्धी वाडी ढकलायला, अर्धी बघायला.

आय : "माझं सरपण कुठं गो गेलं?"

"मागं."

"आन् मी जाऊ कशी मागं?"

"बाजूनं जा. जरा तिरकी होऊन."

गाडीभोवती एक फेरी मारली तिने. म्हणाली, "बैल व्हता तवा शेण तरी मिळायचं."

२ फेब्रु., रविवार

आजपासून दर रविवार. पहिली जीप, पाचची परत.

बॉनेट उघडलं. एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांचा संसार. बाळंतपणं झालीत आत. वायरिंग कुरतडलेलं सहा ठिकाणी, रबरी पाइप बोट लावलं की चुरा. साहेब म्हणाले होते, "फक्त बॅटरी बदला, चालू होईल." माणूस खोटं बोलतो ते बोलतो, वर निवांत चहा पितो.

कामाची पद्धत प्लांटचीच ठेवली. सुटलेल्या प्रत्येक वायरीला, प्रत्येक पाइपाला पिवळा टॅग. नाव, तारीख, कशासाठी काढलं. आय बाजूला बसून तांदूळ निवडत होती. म्हणाली, देवाला चिठ्ठ्या बांधतात तसं काय करतेस. तिला सांगितलं. प्लांटमध्ये मशीनवर काम करायचं तर आधी ते बंद करायचं आणि आपलं कुलूप घालायचं, वर आपल्या नावाचा टॅग. आत आपला जीव असतो. दहा माणसं कामाला तर दहा कुलपं. ज्याचं त्यानेच काढायचं, ते पण काम झाल्यावर.

"मालक आला तर?"

"तरी नाही. मालकाचा बाप आला तरी नाही."

आय म्हणाली, "बरा कायदा हाय." आणि सूप घेऊन आत गेली.

१६ फेब्रु., रविवार

ही गाडी माझा द्वेष करते. एक बोल्ट काढायला अडीच तास, आणि तो हातात आला तेव्हा अर्धाच आला. बोटं सोललीत, नखांतलं तेल निघत नाही. प्लांटचा मुकादम म्हणाला, वैशालीबाई, मेंदी छान रंगलीय. त्याला म्हटलं, तुझ्या बायकोला पण काढून देऊ का.

महाडच्या इक्बालभाईंना इंजिनात हवा कोंबणारा टर्बो काढून नेऊन दाखवला. मोठे मेकॅनिक. आतली दांडी बोटाने हलवून बघितली, किंचित हलते. म्हणाले, "मी याला हात लावनार नाय. हे श्रीमंतांचं दुखनं हाय." मी म्हटलं मी लावते, तुम्ही फक्त सांगा. मग सांगितलं, अर्धा तास, वहीत लिहून घेतलं. वर म्हणाले, बिघडलं तर माझं नाव नको. नाव घेईन कशाला, मला काय दुसरी कामं नाहीत.

कुर्ल्याच्या जुन्या बाजारातून पाइप, कॉइल मागवलेत. चारपैकी एक कॉइल फुटकी आली. फोन केला तर म्हणतो, मॅडम, तीन तो सही है ना.

२ मार्च, रविवार

चालू झाली.

अकरा वाजून दहा मिनिटांनी. पहिल्यांदा नुसती खोकली, मग निळा धूर सोडला, गोठा भरून गेला, आय पदर तोंडाला लावून बाहेर पळाली. आणि मग धूर विरला आणि ती एका लयीत बसली. आत मी एकटी. स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडले, लिहायला लाज कसली. सतरा वर्षं दुसऱ्याची यंत्रं चालू करते.

तीन फूट पुढे, तीन फूट मागे. ब्रेक अजून भरवशाचे नाहीत. पण बायपासला पाय दाबला की काय होईल ते पायाला कळलं.

पंधरा वर्षांच्या वरची गाडी, पुन्हा पासिंग करावं लागणार. पेणच्या आरटीओत ९ मेची वेळ मिळालीय. तोवर ब्रेक, मागच्या चाकांचे दोन रबरी बुश, टायर. जमेल.

आयनं विचारलं, "झाली का बरी? मंग नेणार कवा?"

"पासिंग झालं की."

"सरपण काडाया येत नाय गो मला. कंबर अडकते."

म्हटलं दोन महिने आहेत फक्त.

१६ मार्च, रविवार

शिमगा. आजच लिहिते, नाहीतर उद्या शहाणपण सुचेल.

दादा डोंबिवलीहून आला. वर्षातून दोनदा येतो, शिमग्याला आणि गणपतीला, आणि दोन्ही वेळा घराची पाहणी करतो. इथं खिडकी हवी, तिथं फरशी हवी. उंटावरून शेळ्या हाकणारा. चूल कोण पेटवतं, गळतंय कुठं, याला ठाऊक नाही.

पालखी खळ्यात आली. दादानं खांदा दिला, नाचवली, घामाघूम झाला. आयनं ओटी भरली. तेवढा वेळ बरा होता माझा भाऊ. पालखी शेजारी गेली आणि ह्यानं पिशवी काढली. हिरवी साडी, खण, डझनभर बांगड्या. मी म्हटलं आज काय विशेष. तर त्याखाली कागद. हक्कसोडपत्र.

"गोठा पाडतोय. दोन रूम आणि वर स्लॅब. लोनला पेपर क्लिअर लागतात. तुझी साइन पाहिजे, बस. फॉर्म्यालिटी आहे."

"आणि आयची?"

"तिचा अंगठा काय, घरातच हाय." शाईचा पॅड पण आणला होता, डब्यासकट.

"माझी गाडी?"

"भंगारवाल्याला बोलून ठेवलंय मी. तुला त्रास नको."

म्हटलं हात तर लावून बघ. मग बोलला ते जसंच्या तसं लिहिते : "माहेर सणाला यायला असतं. गॅरेज टाकायला नसतं."

चोळी-बांगडीत बहिणीला मिटवतात आमच्याकडे. आत्यांना बाबांनी तसंच मिटवलं, त्या पण हसत सही करून जेवून गेल्या. मला जमिनीत काय करायचंय? काही नाही. दोन खाचरं आणि एक डोंगर. कधी मागितली असती का मी? नसती. पण विचारायचं तरी. साडीत गुंडाळून कागद पुढे करतो, मी काय वेडी आहे.

पिशवी ओटीवर तशीच टाकून निघाले. जाताना दादाला म्हटलं, आयला मधे घेऊ नको, ती माझ्या बाजूची आहे. तो म्हणाला, विचार तिला कुणाच्या बाजूची आहे. आय चुलीपुढे होती. तिला कुणी विचारलं नाही, पुरणपोळ्या करपत होत्या.

१८ मार्च, मंगळ.

आयचा फोन, जेवायच्या सुट्टीत. "दादानं गोठ्याला कुलूप घातलान. चावी घेऊन गेला तो मुंबैला."

दादाला फोन. म्हणतो, सही कर, चावी कुरियरनं पाठवतो. इतक्या गोड आवाजात की जणू प्रसाद पाठवतोय.

२३ मार्च, रविवार

पितळी कुलूप, मुठीएवढं. करवतीचं पातं सोबत नेलं होतं. दहा मिनिटांचं काम.

पातं लावलं आणि हात चालेना. वेडेपणा आहे, मला कळतं. सतरा वर्षं शिकवलंय आणि शिकलेय, दुसऱ्याचं कुलूप तोडायचं नाही. एकदा पंपावर एकाने तोडलं होतं, घाईत. आतल्या माणसाची दोन बोटं गेली. तेव्हापासून दुसऱ्याच्या कुलपाला कुणी हात लावला की मी ओरडते. आता त्या उंटवाल्याचं कुलूप पण माझ्याच्यानं तोडवत नाही. हात दाखवून अवलक्षण.

पाऊण तास पायरीवर बसले. मग सुचलं.

माझ्या पिशवीत लाल कडी होती, सहा भोकांची. एका दाराला सहा जणांना कुलूप घालता येतं अशी. स्टोअरमधून भंगारात निघालेली, मी मागून घेतली होती. दाराच्या दोन्ही फळ्यांना बैल बांधायच्या जुन्या लोखंडी कड्या आहेत, त्यांच्यातून ती अडकवली आणि पहिल्या भोकात माझं कुलूप. वर पिवळा टॅग. नाव : वैशाली. कारण : काम चालू आहे.

फोटो काढून दादाला पाठवला. लगेच फोन. "पागल झालीस काय? हे काय नाटक?"

"तुझं तू काढ. माझं मी काढीन. माझं काम झालं की."

"कसलं काम? आत जाताच येत नाय तुला."

"तुला पण."

इतकं बरं वाटलं की परतीच्या जीपमध्ये उभी राहून आले तरी पाय दुखले नाहीत. आय ओटीवरून सगळं बघत होती. "आन् सरपण?" म्हणाली. तिला म्हटलं चार दिवस कळ काढ, तो येईल गुडघे टेकत.

६ एप्रिल, रविवार

दादाचा कंत्राटदार टेप घेऊन मोजायला आला होता म्हणे काल. दाराशी उभा राहिला, दोन्ही कुलपं हलवून बघितली, टॅग वाचला, आणि घरच्यांचं मिटलं की बोलवा म्हणून गेला. आयनं सांगितलं. मी तिला तीनदा परत सांगायला लावलं.

फटीतून डोळा लावला. अंधारात बॉनेटची एक लाल कड दिसते. बॅटरीची वायर काढायची राहिलीय आत. उंदीर पुन्हा आलेच असणार. फटीतून शिव्या घातल्या, उंदरांना की दादाला कोण जाणे.

संतोष म्हणतो गाडी वर, तू इथं, भांडण फोनवर, आणि ऐकतो मी. मग नको ऐकू.

२० एप्रिल, रविवार

आय आज सरळ बोलली. "लाकडं काडून दे मला. पावसाच्या आत सुकी आत पायजेत चुलीपाशी. आन् बियाण्याची मुडी पन आतच हाय, आड्याला टांगलेली."

म्हटलं माझं आत्ता काढते, पण त्याचं असताना दार उघडणार कसं? त्याला सांग.

"त्याला सांगितलं. तो म्हनतो तिला आधी काडू दे."

बघा. असा आहे. स्वतःच्या आईचं सरपण अडवून बसलाय.

म्हटलं सिलिंडर आहे ना घरात. म्हणाली, हाय. गॅसवर ती चहा करते आणि पाव्हणे आले की मिरवते, भाकरी कधी केली नाही. दुपारी बघितलं, रानातून काटक्या गोळा करून आणल्या होत्या. ७० वर्षांची बाई. दादाला हे फोनवर सुनावलं. त्याने पण मला हेच सुनावलं. दोघांचे शब्द सुद्धा सारखे, एकाच घरात वाढलो ना.

९ मे, शुक्र.

आज पेणला जायचं होतं. दहा चाळीसची वेळ. दहा चाळीसला मी प्लांटमध्ये एका प्रेशर गेजची काच पुसत होते.

सकाळी दादाचा मेसेज : साडी अजून ओटीवरच्या पिशवीत आहे. सही कर, संध्याकाळपर्यंत गाडी तुझ्या दारात.

खरं लिहिते. दहा मिनिटं वाटलं, करावी. काय जातंय? ती जमीन माझ्या काय कामाची, मला ती गाडी हवीय. ब्रेक व्हायचे आहेत, टायर आणून बिरवाडीत खाटेखाली ठेवलेत, त्यांच्या वासाने संतोष वैतागलाय. एक सही. पेन पण खिशात होतं. मग आठवलं, "तुला त्रास नको, भंगारवाल्याला बोलून ठेवलंय." नाही. सडू दे. माझी गाडी सडेल आणि त्याचा स्लॅब पण सडेल.

उत्तर पाठवलं : साडी वहिनीला नेसव.

१८ मे, रविवार

यंदा पाऊस लवकरच लागलाय. चार दिवस रोज कोसळतोय, सगळे म्हणतात हा वळवाचा नाही.

वर गेले तर घर धुराने भरलेलं. ओल्या काटक्या. आय फुंकणी फुंकतेय आणि खोकतेय, फुंकते, खोकते. डोळे लालभडक. म्हटलं गॅस लाव ना. म्हणाली संपला गेल्या मंगळवारी. फोन का नाही केलास? म्हणाली, "केलता. तू दादाचंच सांगत बसलीस. मग ठेवला."

आठवेना मला. केला असेल.

बियाणं शेजारच्या शेवंताकाकींकडून उसनं घेतलंय. पेंढ्यात बांधलेली स्वतःची मुडी गोठ्यात टांगलेली आणि ही दुसऱ्याच्या दारात. ह्या घरात बियाणं कधी उसनं आणलं नव्हतं. ती हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हती.

घरी येऊन संतोषला सगळं सांगितलं, दादानं काय चालवलंय बघ म्हणून. तो भात कालवत होता. म्हणाला, "आणि दुसरं कुलूप कुणाचं आहे?"

त्याच्याशी बोलणं बंद.

२४ मे, शनि.

अजून बंदच आहे बोलणं. पण ठरवलं. पुढच्या रविवारी, १ तारखेला, वर जायचं आणि माझं काढायचं. आयच्या समोर. वाडीतल्या चार बायका असतील तर बरंच. म्हणजे मग राहिलं फक्त दादाचं, आणि तोंड काळं त्याचं. मी मोठेपणा केला असं होईल.

उद्याच गेले असते, पण प्लांटमध्ये देखभालीचा शटडाऊन आहे, सुट्टी नाही.

१ जून, रविवार

काय लिहू.

पोचले तेव्हा दादाचं पितळी कुलूप ओट्याच्या कठड्यावर पडलेलं, उघडं, चावी त्यातच. आय म्हणाली परवा कंत्राटदाराबरोबर चावी पाठवलीन त्यानं. निरोप असा, मी माझं काढलं, आता तिचा तमाशा सगळ्यांना दिसू दे. म्हणजे त्याचं पण अगदी माझ्यासारखंच चाललं होतं. दोन दिवस आधी सुचलं त्याला, एवढंच. चडफडत दाराशी गेले.

लाल कडीत दोन कुलपं होती.

एक माझं. दुसऱ्या भोकात एक छोटं, नवं, पोलादपूरच्या बाजारात दोरीला टांगलेली असतात तसलं. त्याला टॅग. माझाच पिवळा, शिमग्याआधी ओटीवर राहिलेला. नाव लिहायच्या जागी अंगठा. जांभळ्या शाईचा, सगळ्या रेघा उठलेल्या. दादाचाच पॅड.

आय मागे येऊन उभी राहिली होती.

"हे काय?"

"कुलूप."

"ते दिसतंय. का घातलंस?"

"माझं पन काम चालू हाय आत."

"कसलं काम?"

"कवा इचारलंत?" आवाज चढवला नाही तिने. "तू गाडी आनलीस, मला सांगितलंस. तो गोठा पाडनार, मला सांगितलान. सरपण माझं, मुडी माझी, गोठा माझ्या नवऱ्याचा. तिची सही, तिची सही, दोन महिने तेच आयकतेय. माझा अंगठा घरातच हाय म्हनाला. हाय तर हाय."

म्हटलं आय, चावी दे, आत्ता तुझी लाकडं काढते, सगळी, एकटी वाहते.

"लाकडं शेवंतानं दिलीत. तिची मी फेडीन. तुमच्याकडं मागून दमले मी."

"मग उघडायचं कधी?"

"दोघं संगती या. एकएकटं आलाव तर उघडनार नाय."

चावी कनवटीला. ती चाचपून बघितली तिने आणि कोंबड्यांना दाणे टाकायला गेली. माझा रागाने जीव जात होता, आणि कुणावर ते कळत नव्हतं. सगळ्या बायका बघत होत्या, मी बोलावल्याच होत्या.

४ जून, बुध.

दादाला फोन केला. अडीच महिन्यांत पहिल्यांदा न ओरडता. सांगितलं.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग, "अंगठा कशावर लावलान म्हणालीस?"

"टॅगवर."

"माझ्या पॅडचा?"

"हो."

"सालं," म्हणाला. आणखी काही बोलणार होता. मग म्हणाला गणपतीला येतो. म्हटलं तोवर गाडी कुजेल. "मग मी काय करू, मला लीव्ह नाय. तू का नाय समजावत, तुझ्या बाजूची हाय ना ती." म्हटलं तुझ्या पण. शेवटी म्हणाला शनिवार-रविवारचं बघतो. बघतो म्हणजे दादाचं बघतो.

संतोषशी बोलायला सुरुवात केली. त्याने विचारलं नाही का बंद होतं. चांगलं केलं.

८ जून, रविवार

दादा आला नाही. साडेनऊला मेसेज, नेक्स्ट वीक पक्का.

मी गेले. भरलेला सिलिंडर जीपच्या टपावर टाकून नेला. आयनं तो जागेवर लावून घेतला, चहा केला, दिला. नीट बोलत होती. भाताचा तरवा चांगला उगवलाय म्हणाली, शेवंताकाकींचं बियाणं निरोगी. पुढच्या वर्षी त्यांना दुप्पट द्यायचं.

गोठ्याच्या पन्हळीचं पाणी दारावर येतंय. आयच्या टॅगला तिने प्लॅस्टिकची पिशवी बांधलीय, अंगठा भिजू नये म्हणून. माझ्या टॅगवरची शाई पार उतरलीय. नाव वाचता येत नाही, फक्त 'काम' तेवढं दिसतं.

फटीला नाक लावलं. पेट्रोल, उंदीर, जुनी शेण-माती. आत ती आहे, माझी भवानी, आणि तिच्या मागे दोन वर्षांची लाकडं.

मग माझं कुलूप काढलं. कुणाला दाखवायला नाही, आज बघणारं कुणी नव्हतं. चावी फिरवली, कुलूप हातात आलं. कडी उघडली नाही. उघडणार नव्हतीच, आयचं होतं ना. पण मला वाटलं माझ्या बाजूचं तरी संपवावं.

आय ओटीवरून म्हणाली, "काडलंस? काम झालं तुजं?"

साधं विचारलं तिने. टोमणा नव्हता, मी चेहरा बघितला. कायदा मीच शिकवला होता, काम झाल्याशिवाय काढायचं नाही. झालं म्हणावं तर गाडी आत. नाही म्हणावं तर मग काढलं कशाला, कुणाला सांगून? कुलूप हातात घेऊन मी दारात उभी, आणि ती उत्तराची वाट बघत होती, खरोखर बघत होती, चहाचा कप खाली ठेवून.

पाचची जीप हॉर्न देऊन गेली. चुकली.